कसणाऱ्याचे नाव कोठे लिहायचे?

प्रति,
मा. महसूलमंत्री आणि मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : आखाती देशांत मजुरीसाठी गेलेल्या कोकणी कुटुंबांच्या जमिनी आणि त्या प्रत्यक्ष कसणाऱ्यांची नोंद.

महोदय,

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांतून कुवेत, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, ओमान व बहारीन येथे गवंडी, सुतार, वेल्डर, वाहनचालक, आचारी किंवा साधे मजूर म्हणून जाणाऱ्यांचा ओघ १९७३ नंतर, म्हणजे खनिज तेलाच्या किमती चढून आखातात बांधकामांना ऊत आला तेव्हापासून, अखंड चालू आहे. या अर्धशतकात परराष्ट्र खात्याने त्याच्याकडे पारपत्राचा प्रश्न म्हणून पाहिले, बँकांनी परकीय चलनाचा स्रोत म्हणून पाहिले, आणि महसूल व कृषी या दोन खात्यांनी, ज्यांचा या कुटुंबांशी सर्वांत जुना संबंध आहे, त्याच्याकडे जवळजवळ पाहिलेच नाही. आखाताच्या पैशाने कोकणातील घरे बदलली, शाळांच्या फिया भरल्या गेल्या, लग्ने झाली. मात्र हा पैसा घरासमोरच्या भातखाचराला वळसा घालून जातो. त्याचे कारण घरच्यांचा आळस किंवा मातीविषयीची अनास्था यांत शोधले जाते, ते चुकीचे आहे. खरे कारण राज्याच्या जमीनविषयक दप्तरात आहे, कारण त्या दप्तराला मालक ठाऊक आहे, पण कसणारा, आणि त्यातही कसणारी, ठाऊक नाही.

कोकणातून बाहेर जाणे हे काही आखाताने सुरू केलेले नाही. मुंबईच्या गिरण्या आणि गोदी यांचे मनुष्यबळ एकेकाळी याच पट्ट्यातून गेले, बाणकोट-दाभोळ परिसरातील कोकणी मुसलमान जहाजांवर खलाशी म्हणून जगभर फिरले आणि त्यांतील काही कुटुंबे दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला स्थायिक झाली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा कमी भरली आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. या आकड्यांत मुंबईचा वाटा आखातापेक्षा मोठा आहे, हे मान्यच करावे लागते. तरीही दोन्ही स्थलांतरांत शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक आहे. मुंबईचा चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो, लावणीच्या आठवड्यात रजा काढून रात्रीच्या एसटीने गावी पोहोचू शकतो आणि तहसील कार्यालयातील तारखेला उभा राहू शकतो. आखातातील मजुराची सुटी मात्र करारावर अवलंबून असते, बहुधा दोन वर्षांनी मिळते, आणि ती मृगाच्या पावसाशी जुळेलच असे नसते. शिवाय तेथे राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. ‘कफाला’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत मजुराचा निवास, नोकरी बदलण्याची मुभा आणि कित्येकदा देश सोडण्याची परवानगी ही एका मालकाच्या किंवा पुरस्कर्त्याच्या हाती असते, आणि काही देशांनी अलीकडे त्यात सुधारणा केल्या असल्या तरी सुटीसाठी घासाघीस करण्याची ताकद मजुराजवळ फारशी नसते.

शासनाची दिशाभूल करणारे आकडेही आहेत. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार परदेशांतून भारतात येणाऱ्या खासगी रकमांत २०१६-१७ मध्ये केरळचा वाटा १९ टक्के आणि महाराष्ट्राचा १६.७ टक्के होता. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्र ३५.२ टक्क्यांवर गेला आणि केरळ १०.२ टक्क्यांवर उतरले. २०२३-२४ च्या पाहणीत महाराष्ट्र २०.५ टक्के आणि केरळ १९.७ टक्के असे चित्र आहे. महाराष्ट्राचे हे पहिले स्थान मुख्यतः मुंबई-पुण्यातील शिक्षित नोकरदार कुटुंबांमुळे आहे, असे मानण्यास जागा आहे. मंडणगडच्या वाडीत येणारे दिरहम या राज्यव्यापी टक्केवारीत विरघळून जातात आणि मग ‘परदेशी पैसा येतोच आहे’ या समजुतीवर कोकणातील शेतीचा विचार बाजूला पडतो.

हा पैसा घरी पोहोचल्यावर कोणत्या क्रमाने खर्च होतो, ते पाहण्यासारखे आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला आखातात जाण्यापूर्वी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली शासकीय परवानगी घ्यावी लागते, आणि नोंदणीकृत भरती एजंटाला त्याच्याकडून ३०,००० रुपये व त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच शुल्क घेता येते; प्रत्यक्षात तोंडी ठरणारी रक्कम यापेक्षा बरीच मोठी असते, हे या तालुक्यांत कोणालाही विचारले तरी कळेल. ती उभी करण्यासाठी घरातील दागिने गहाण पडतात किंवा नातलगांकडून उसनवारी होते. शेतजमीन गहाण पडत नाही. सामाईक खात्यावरील, वारसांच्या नोंदी अपुऱ्या असलेली जमीन कोणतीही बँक तारण म्हणून घेत नाही. म्हणजे ही जमीन जाणाऱ्याला भांडवल पुरवू शकत नाही आणि त्याने पाठवलेले भांडवल स्वीकारूही शकत नाही. पहिल्या कराराचा मोठा भाग देणे फेडण्यात जातो. त्यानंतर सोने सुटते, घर चिऱ्याचे किंवा सिमेंटचे होते, बहिणीचे लग्न, मुलांचे शिक्षण, विंधण विहीर अशी यादी पुढे सरकते. शेतीत पैसा घालायचा तर कोणाच्या शेतात, असा प्रश्न घरातच उभा राहतो.

त्याचे उत्तर सातबारा उताऱ्यावर मिळायला हवे, आणि नेमके तेथेच ते मिळत नाही. उत्तर रत्नागिरीतील नमुनेदार उतारा असा असतो : क्षेत्र दहा-पंधरा गुंठे, त्याला जोडून काही पोटखराबा, भोगवटादारांच्या रकान्यात आजोबांचे नाव कंसात गेलेले आणि त्याखाली मुलगे, मुली, सुना, नातवंडे अशी दहा-बारा नावे, त्यांतील दोघे-तिघे मयत असूनही वारसनोंद झालेली नाही, कोणाचा हिस्सा किती ते आणेवारीतही स्पष्ट नाही, एक भाऊ कुवेतमध्ये, दुसरा नालासोपाऱ्यात, एक बहीण महाडला नांदते, आणि पिकांच्या रकान्यात ‘भात’ या शब्दाच्या जागी ‘पड’ किंवा ‘गवत’. अशा गटात पॉवर टिलरचा खर्च, कुंपण किंवा ठिबक कोणी एकाने केले, तर उद्या वाटप होताना ती पट्टी त्याच्याच वाट्याला येईल याची हमी नसते.

यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ प्रमाणे वाटप करून घ्यावे, हे सरकारी उत्तर ठरलेले आहे. परंतु त्यासाठी सर्व सहधारकांची संमती किंवा हजेरी लागते, आणि परदेशातील सहधारकाला कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा दस्त, भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवावा लागतो आणि तो राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. एका सहीसाठी रोजंदारी बुडवून शेकडो किलोमीटरवरच्या दूतावासात जाणे हे ज्याला परवडते, त्याचा प्रश्न बहुधा आधीच सुटलेला असतो. त्यातही १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडण्यास त्यात मनाई आहे आणि २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीसाठी २० गुंठे व बागायतीसाठी १० गुंठे हे क्षेत्र ठरवल्यानंतरही कोकणातील दहा सहधारकांचे पंधरा गुंठे कायद्याने वाटता येत नाहीत. मग गावोगावी जो मार्ग निघतो, तो बहिणींच्या हक्कसोडपत्राचा. गुंतागुंत कमी होते हे खरे, पण ती बहिणींच्या खर्चाने होते, आणि शासनाने या सोयीला उत्तेजन देऊ नये.

पड राहिलेली जमीन ही केवळ मालकाची खासगी बाब नसते. कोकणातील भातखाचरे उतारावर पायऱ्यांनी उतरतात आणि वरच्या खाचराचे पाणी खालच्यात सोडले जाते. वरचे खाचर दोन-तीन वर्षे पडीक राहिले की त्याचा बांध कोणी बांधत नाही, तो एखाद्या जोराच्या पावसात फुटतो आणि दगडगोट्यांसह गाळ खालच्या लावणीवर येऊन बसतो. पडीक तुकड्यांत घाणेरी आणि रानमोडी माजते, तिच्या आडोशाला रानडुकरे राहतात, आणि माकडांचे कळप शिल्लक राहिलेल्या थोड्याच शेतांवर एकवटतात. पूर्वी पन्नास शेतांत विभागला जाणारा उपद्रव आता पाच शेतांवर पडतो. पैरा, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने बिनमजुरीने राबण्याची रीत, माणसे कमी झाल्याने मोडते आणि लावणीला रोख मजुरी मोजावी लागते. म्हणून चिकाटीने भात लावणारे घरही चार-दोन पावसाळ्यांत हात टेकते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की त्यांनीही कंटाळून शेती सोडली.

या सगळ्यात जी शेती टिकते, ती बहुतेक ठिकाणी मागे राहिलेल्या स्त्रियांच्या बळावर टिकते. राब भाजणे, दाढ टाकणे (रोपांसाठी भात पेरणे), लावणी, बेणणी, कापणी ही कामे पूर्वीही त्या करतच होत्या. नांगरट, खते आणणे, मजूर ठरवणे, टिलरवाल्याच्या मागे लागणे ही कामे नवऱ्याच्या अनुपस्थितीत त्यांच्याकडे आली, पण त्यांच्यासोबत दप्तरातील नाव आले नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने चालवलेल्या लक्ष्मीमुक्ती आंदोलनानंतर १९९२ मध्ये पत्नीचे नाव सातबारावर सहधारक म्हणून लावण्याची सोय शासनाने केली. मात्र ती नवऱ्याच्या अर्जावर अवलंबून आहे, आणि जेथे नवऱ्याचाच हिस्सा निश्चित नाही, तेथे ती कागदावरच राहते.

प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये जमीन नावावर असलेल्या कुटुंबाला मिळतात आणि आयकर कायद्याच्या अर्थाने अनिवासी असलेली व्यक्ती त्यातून वगळलेली आहे. ही अट दुबईतील धनिकाला लक्ष्य करून घातलेली असावी, पण तिच्यात अबुधाबीतील सेंट्रिंग कामगारही सापडतो, आणि त्याच्या घरी भात लावणारीला मुळातच शेतकरी म्हणून अस्तित्व नसते. ॲग्रिस्टॅक योजनेखालील शेतकरी ओळख क्रमांकाने ही अडचण अधिक स्पष्ट केली. नोंदणीच्या वेळी येणारा संकेतांक आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर जातो. तो क्रमांक नवऱ्याचा असतो, सिमकार्ड त्याच्याबरोबर परदेशात असते किंवा रिचार्ज न केल्याने बंद पडलेले असते. सेवा केंद्रातील बाकड्यावर बसलेली स्त्री व्हॉट्सॲपवर निरोप धाडते, नवरा कामाच्या जागी असतो, फोन लॉकरमध्ये असतो, आणि त्याने तो पाहीपर्यंत संकेतांकाची मुदत सरलेली असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी, जिच्यात शेतकरी स्वतः पिकाचे छायाचित्र काढून नोंद करतो, हीसुद्धा खातेदाराच्या नावाने चालते.

कसता येत नसेल तर जमीन दुसऱ्याला खंडाने द्यावी, हे सुचवणे सोपे आहे. विकावी, हे त्याहून सोपे. परंतु आखाती देश मजुराला नागरिकत्व देत नाहीत, तेथून प्रत्येकाला एक दिवस परतावेच लागते, आणि हा दिवस त्याने ठरवलेला नसतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. सौदी अरेबियाने स्थानिकांना नोकऱ्यांत प्राधान्य देणारे ‘निताकत’ धोरण २०११ मध्ये आणून २०१३ मध्ये कसोशीने राबवले. २०२० मध्ये करोनाने पुन्हा विमाने भरून माणसे आणली. अशा कुटुंबासाठी दहा गुंठे जमीन ही निवृत्तिवेतनाच्या जागी असते, म्हणून ती विकली जात नाही, आणि खंडाने दिली तर ती कायमची हातची जाईल या भीतीने खंडानेही दिली जात नाही.

या भीतीला कायदेशीर आधार आहे. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जाऊ शकतो, १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी तेव्हाची कुळे मालक झाली, आणि त्यानंतर निर्माण झालेल्या कुळालाही कलम ३२-ओ खाली खरेदीचा हक्क आहे. हा कायदा कोकणाला दिलेली देणगी नव्हती. अलिबाग तालुक्यात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे चाललेला चरीचा संप, १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलेले खोतीविरोधी विधेयक आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा या वाटेने कुळे मालकीपर्यंत पोहोचली. त्या संरक्षणाला धक्का लावण्याची सूचना या पत्रात नाही. मात्र १९४८ च्या कायद्यापुढे अनुपस्थित मालक म्हणून जो उभा होता, तो खोत आणि सावकार होता. आज अनुपस्थित असलेला मालक बहुधा त्याच कुळाचा नातू आहे आणि दोहाच्या मजूर वसाहतीत आठ जणांच्या खोलीत राहतो. सैन्यात असलेल्या जमीनमालकासाठी या कायद्यात वेगळी तरतूद आहे. म्हणजे पोटासाठी दूर गेलेला मालक ही कल्पना कायदेकर्त्यांना अगदीच परकी नव्हती.

लेखी करार धोक्याचा वाटल्याने व्यवहार तोंडी होतात. शेजारी ‘अर्धेलीने’, म्हणजे निम्म्या पिकाच्या बोलीवर, एखादे वर्ष जमीन कसतो. दुसऱ्या वर्षी तीच जमीन त्याला मिळेल याची खात्री नसल्याने तो बांध दुरुस्त करत नाही, शेणखत टाकत नाही, आणि कागद नसल्याने त्याला पीककर्ज मिळत नाही, विम्यासाठीही दारोदार फिरावे लागते.

राज्याने १९९० पासून रोजगार हमीशी जोडून शंभर टक्के अनुदानाने राबवलेली फळबाग लागवड योजना कोकणात यशस्वी झाली, त्याचे श्रेय कलमांइतकेच या अनुपस्थितीलाही द्यावे लागेल. भात आणि नाचणी यांना पावसाळाभर माणूस लागतो, आंबा-काजूला मोहोर आणि काढणीच्या दिवसांत. हात कमी असलेल्या घराला झाड परवडते. तरी बागेला राखण लागतेच, आणि हापूसच्या अनेक बागांत ती राखण आज नेपाळहून आलेली माणसे करतात. बंदरांवरच्या मासेमारी नौकांवर खलाशी म्हणूनही तीच असतात. त्यांच्या देशात सरासरी धारणक्षेत्र एक हेक्टरहून बरेच कमी, परदेशांतून येणारा पैसा राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चौथा हिस्सा, आणि डोंगरउतारावरची शेते स्त्रियांच्या हाती किंवा पडीक. मंडणगडचा माणूस मस्कतला जातो, नेपाळमधील शेतकरी रत्नागिरीला येतो, आणि दोघांच्याही गावी कसणाऱ्याचा प्रश्न मागे उरतो. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला येथे येण्यास अडसर नाही. पण कृषी खात्याच्या कोणत्याही यादीत त्याचे नाव नाही.

केरळने हा प्रश्न आणि त्यावरचा उपाय ही दोन्ही आधी पाहिली. तेथील भाताखालचे क्षेत्र सत्तरच्या दशकाच्या मध्याला पावणेनऊ लाख हेक्टरांच्या आसपास होते, ते सुमारे दोन लाखांवर आले. त्यामागे रबर, नारळ, घरबांधणी अशी अनेक कारणे आहेत आणि आखाती स्थलांतर त्यांतील एक. परंतु केरळने १९९६ मध्ये अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र विभाग काढला, तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने १९९८ पासून ठरावीक काळाने स्थलांतराची पाहणी केली, आणि कुटुंबश्रीच्या महिला गटांनी पडीक जमिनी खंडाने घेऊन भात व भाजीपाला पिकवला. तेथेही कुळकायद्याने खंडकरारांना मनाई आहे, त्यामुळे हे गट कायद्याच्या कडेकडेने, पंचायतीच्या मध्यस्थीवर चालतात. पंचायत मध्ये असल्याने मालकाला धीर येतो, एवढे त्यातून शिकण्यासारखे आहे.

महाराष्ट्रापुढील मागणी मर्यादित आहे. मालकीला हात न लावता कसणाऱ्याची मुदतबंद नोंद करणारा स्वतंत्र रकाना अधिकार अभिलेखात असावा. हक्कनोंदीत नाव नसलेल्या माणसाच्या ताब्यातील जमिनींसाठी गाव नमुना सात-ब आहे, पण त्याचा सूर तक्रारीचा आहे, तेथे नाव लागणे म्हणजे वादाची सुरुवात. येथे अपेक्षित आहे ती संमतीची नोंद. सहधारकांच्या बहुमताने, तीन किंवा पाच वर्षांसाठी, घरातील स्त्रीचे, शेजाऱ्याचे किंवा महिला गटाचे नाव कसणारा म्हणून लागावे, त्यातून कुळहक्क निर्माण होणार नाही असे कायद्यात स्पष्ट म्हटलेले असावे, आणि मुदत संपताच नोंद आपोआप गळून पडावी. नीती आयोगाने २०१६ मध्ये डॉ. टी. हक यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून जो आदर्श शेतजमीन खंडकरार कायदा तयार करून घेतला, त्यात मालकाची मालकी आणि कसणाऱ्याचे कर्ज-विम्याचे हक्क अशी दुहेरी सुरक्षितता आहेच. त्यात सामाईक खात्यांची आणि परदेशस्थ सहधारकांची भर महाराष्ट्राला घालावी लागेल. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई आणि शेतकरी ओळख क्रमांक ही चारही या नोंदीवर मिळावीत. रानडुकराने शेत उकरले तर पंचनाम्यावर कोणाची सही चालेल, हा प्रश्नही त्यातूनच सुटेल.

अशा नोंदीचा गैरवापर होईल, ही शंका रास्त आहे. मोठ्या बागाईतदाराने किंवा जमीन गोळा करणाऱ्या दलालाने पन्नास घरांच्या संमत्या घेऊन किनाऱ्याजवळचे पट्टे ताब्यात ठेवणे कोकणात मुळीच अशक्य नाही. म्हणून एका व्यक्तीला अशा नोंदीने किती क्षेत्र कसता येईल याची कमाल मर्यादा, बिगरशेती वापरास पूर्ण बंदी आणि नोंदीचे ग्रामसभेत वाचन, एवढी बंधने हवीत. परदेशातील सहधारकाची संमती दूतावासातील साक्षांकनाऐवजी दूरदृश्य प्रणालीवर, ओळख पटवून, मंडल अधिकाऱ्यापुढे नोंदवता येण्यास तांत्रिक अडचण दिसत नाही; मालकी हस्तांतरित होत नसल्याने त्यासाठी मुद्रांक शुल्काचेही कारण नाही.

हा प्रयोग एकाच तालुक्यात करून पाहता येईल. मंडणगड त्यासाठी योग्य आहे : तालुका लहान आहे, स्थलांतर जुने आहे आणि दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ शेजारी आहे, ज्याला पडीक खाचरे पुन्हा लागवडीखाली आणण्याचा खर्च मोजून देता येईल. वारसनोंदींची शिबिरे मे महिन्यात घ्यावीत, कारण त्या महिन्यात मुंबईची आणि परदेशची माणसे लग्नकार्यांसाठी गावात सापडण्याचा संभव सर्वाधिक असतो, आणि संमतीच्या नोंदी दाढ टाकण्यापूर्वी हाती पडाव्यात. जुलैत मिळालेल्या कागदाचा त्या वर्षीच्या भाताला काही उपयोग नाही.

कळावे.